राऊतांचा जबडा

ही हकीकत सांगायची मी बरीच वर्षं टाळली. आधी नोकरीत होतो म्हणून, मग निवृत्त झालो म्हणून आणि त्यानंतर गुडघा दुखतो म्हणून. गुडघ्याचा आणि लिहिण्याचा काय संबंध, असं परवा बायकोनं विचारलं. उत्तर सुचलं नाही, म्हणून आज लिहायला बसलो आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. अशा आठवणी बहुतेक माणूस गेल्यावर लिहिल्या जातात. गोपीनाथ राऊत हयात आहेत, ठणठणीत आहेत आणि सध्या व्हिएतनाममध्ये आहेत. वयाचा हिशेब केला तर आधी जायचा नंबर माझा आहे. घाई आहे ती त्यामुळे.

मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचा विभागप्रमुख होतो. राऊत आमच्या प्रयोगशाळेत परिचर होते. बाटल्या धुणं, उपकरणं मांडणं, द्रावणं तयार ठेवणं, असं त्यांचं कागदावरचं काम. प्रत्यक्षात प्रयोगशाळा त्यांचीच होती आणि आम्ही प्राध्यापक तिथे तासापुरते पाहुणे. मुलं त्यांना मामा म्हणत. राहायला ते वांगणीला, घरची भातशेती. बारावीला ते रसायनशास्त्रातच नापास झाले होते आणि हे ते प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी सांगत. "मी नापास झालो तरी इथंच हाय. तुम्ही पास झालात तर कुठं जाल, ते तुमचं तुम्ही बगा."

राऊत माणसं रसायनांवरून ओळखत. आमचे एक सहकारी प्रत्येक सभेत गहिवरायचे, त्यांचं नाव कॅल्शियम क्लोराईड. "कुठं पण ठेवा सर, ओला होतोच." प्राचार्या लालवानी मॅडम म्हणजे लिटमस. "आत जायच्या आधी रंग बगायचा." मी एकदा धीर करून विचारलं, मग मी कोण? राऊत बाटली धुता धुता म्हणाले, "सर, तुम्ही डिस्टिल्ड वॉटर." मी सुखावलो. शुद्ध माणूस, असा अर्थ मी लावला. तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. "त्यात मासा टाकला तर मरतो."

प्रयोगशाळेच्या खिडकीखालून एक नाला जायचा. जीन्स धुणाऱ्या कारखान्यांचं पाणी त्यात यायचं आणि राऊत त्यावरून रोज सकाळी बातम्या द्यायचे. "आज काळी जीन्स. लग्नसराई संपली वाटतं." "आज फिका निळा. फाटक्या पँटींची फॅशन परत आली." एकदा सलग दोन दिवस नाल्याला स्वच्छ पाणी आलं, तर हा माणूस अस्वस्थ. "कोणतरी साहेब तपासणीला येणार, सर." तिसऱ्या दिवशी साहेब आले, नाल्यावर उभे राहून फोटो काढून घेतले आणि गेले. चौथ्या दिवशी पाणी पुन्हा निळं. राऊत म्हणाले, "साहेब पोचले वाटतं घरी."

हे निळं पाणी त्यांच्या डोक्यात बसलं होतं. वांगणीला भाताच्या गिरणीमागे तुसाचे ढीग पडलेले असत. ते तूस राऊत पोत्यातून आणायचे, कॉलेजच्या मागच्या मोकळ्या जागेत एका ड्रममध्ये मंद जाळायचे आणि त्या कोळशातून नाल्याचं पाणी गाळायचे. वरून निळं ओतलं की खालून पाण्यासारखं पाणी. सगळी खुबी जाळण्यात होती. ड्रमच्या तोंडावर ओलं पोतं टाकायचं, हवा कमी ठेवायची आणि नाक उघडं ठेवायचं. "भाजक्या शेंगदाण्याचा वास आला की थांबायचं. करपल्या पापडाचा आला की गेलं कामातून." तापमापी लावा म्हणून मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "लावा की. पण तो हुंगतो का?"

या प्रयोगांच्या नोंदी ते नापास झालेल्या, परत न आलेल्या मुलांच्या जर्नलांत मागच्या कोऱ्या पानांवर ठेवत. आणि गाळलेलं पाणी जिवाला चालतं का, हे बघायला त्यांनी एका काचेच्या टाकीत गप्पी मासे ठेवले होते. माशांना आम्हा प्राध्यापकांची नावं. एका सकाळी मी प्रयोगशाळेत शिरलो तर राऊत हात जोडून उभे. "सबनीस सर, वाईट बातमी हाय. तुम्ही काल वारलात."

"कशानं?"

"पहिल्या गाळणीचं पाणी सोसलं नाय. पण लालवानी मॅडम टिकल्या. नुसत्या टिकल्या नाय, कॅल्शियम क्लोराईडला चावल्या पण."

याच सुमाराला परदेशातल्या काही संशोधकांनी कापड रंगवणाऱ्या गावांसाठी एक सामाईक प्रकल्प काढला. पाणी स्वस्तात साफ करायच्या पद्धती त्यांना जगभरातून हव्या होत्या. आपल्या कॉलेजचं नाव कुठेतरी लागावं म्हणून मॅडम माझ्या मागे लागल्या. मी राऊतांच्या नोंदींचं इंग्रजी केलं, खाली मूळ संशोधक म्हणून त्यांचं नाव घातलं आणि पाठवून दिलं. तिथपर्यंत मी सरळ होतो, हे कृपा करून लक्षात ठेवा. घाई इतकीच झाली, की माशांचा तक्ताही तसाच गेला. 'सबनीस: तिसऱ्या दिवशी मृत. लालवानी: जिवंत, हल्ला करते.'

आठ दिवसांनी पोर्तुगालहून डॉ. इनेस नावाच्या बाईंचं उत्तर आलं. पद्धत फार आवडली असं लिहून पुढे म्हटलं होतं, की प्रयोगात आपल्या कॉलेजचे इतके अध्यापक दगावल्याचं वाचून आम्ही सुन्न झालो आहोत आणि अशा परिस्थितीत आपण स्वतः पत्र लिहिलंत याचं विशेष वाटतं. मी तातडीनं खुलासा केला. त्यावर त्यांचं दुसरं पत्र आलं, की इकडे सगळी प्रयोगशाळा पोट धरून हसते आहे, तक्ता भिंतीवर लावला आहे आणि हा माणूस आम्हाला भेटलाच पाहिजे. सोबत बोलावणं. तीन महिने त्यांच्याकडे राहून काम करायचं, जाण्यायेण्याचं सगळं त्यांच्याकडून. एका देशातले संशोधक दुसऱ्या देशात जाऊन एकमेकांचं शिकतील तरच शाश्वत विकास होईल, असं त्या योजनेचं म्हणणं होतं. खाली स्पष्ट लिहिलं होतं, की पदवीची अट नाही आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याला पहिला मान. नाव: गोपीनाथ राऊत.

विभागाचा मेल एकच आणि त्याचा पासवर्ड माझ्याकडे. पत्र वाचून मी खोलीचं दार लावून घेतलं. कारणं मला भराभर सुचली. प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आल्या आहेत. कॉलेज तपासायला समिती येणार आहे. राऊत नसतील तर बाटल्या कुठल्या कपाटात आहेत, हे एकाही प्राध्यापकाला माहीत नाही. सगळी कारणं खरी होती आणि त्यातलं एकही माझं नव्हतं. माझं कारण असं, की आयुष्य पीएच.डी. मिरवत काढलं आणि मला कधी कोणी ठाण्याच्या पलीकडे बोलावलं नाही.

मी कळवलं, की राऊत आजारी आहेत, त्यांच्याऐवजी मी दोन आठवडे येऊ शकेन. इनेसबाईंनी लगेच लिहिलं, अरेरे, मी त्यांच्याशी फोनवर बोलू का? आता आली पंचाईत. मी लिहिलं, त्यांच्या जबड्याची शस्त्रक्रिया झाली आहे, बोलता येत नाही. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर-वांगणी या पट्ट्यात तोंड बंद ठेवणं ज्याला अजिबात जमत नाही असा माणूस शोधायला निघालात तर राऊतांच्या दारात येऊन थांबाल. त्यालाच मी मुका केला.

राऊतांना मी सांगितलं, त्यांना पदवीवालाच माणूस हवाय.

"बरोबर हाय, सर," ते म्हणाले. "तिकडं सगळं कागदावर लागतं." मग म्हणाले, "शाश्वत विकास म्हंजे काय वो?"

"आपण वापरायचं, पण पुढच्यांनाही उरलं पाहिजे."

"म्हंजे आई लोणचं वाढते तसं. मागितलं तरी दुसरी फोड नाय." आणि त्यांनी नापासांची पाच जर्नलं सुतळीनं बांधून माझ्या हातात दिली. तुसाची जाळणी शिकवायला दोन रविवार स्वतः वांगणीहून बदलापूरला, हेंद्रेपाड्यात माझ्या घरी आले. मी मान डोलावत होतो. लक्ष सूटच्या मापाकडे होतं.

पोर्तुगालला पोचलो. इनेसबाईंनी हसून माझ्यापुढे एक पांढरा कोट धरला. त्यांनी तो आधीच शिवून घेतला होता आणि छातीवर निळ्या दोऱ्यानं नाव भरलं होतं, 'राऊत'. वाया कशाला घालवायचा, म्हणाल्या. दोन आठवडे मी तो कोट घालून वावरलो. बाईंना सोडून सगळी इमारत मला मिस्टर राऊत म्हणत होती. मी कोणालाही दुरुस्त केलं नाही. पहिले दोन दिवस जड गेलं, मग सवय झाली. तेच जास्त वाईट.

तिकडेही भात पिकतो, हे मला तिथे गेल्यावर कळलं. त्यांनी तुसाचं पोतं पुढे ठेवलं आणि वीसेक माणसं वह्या उघडून गोल उभी राहिली. मी ड्रम पेटवला. ओल्या पोत्याचं मला आठवलं, पण ते आधी टाकायचं की नंतर, हे आठवेना. शेंगदाण्याचा वास काही आला नाही. पापडाचा आला. मग धूर आला, मग भोंगे वाजले, मग छतातून पाणी आलं. सगळी इमारत हिरवळीवर येऊन उभी राहिली. अग्निशमनवाल्या माणसानं माझ्या छातीवरचं नाव वाचून अहवालात लिहून घेतलं. पोर्तुगालच्या एका शहरात, आग लावणारा म्हणून, आजही राऊतांचं नाव नोंदलेलं आहे. ड्रममध्ये नुसती पांढरी राख उरली होती. तिच्यातून निळं पाणी ओतलं, ते खालून निळंच आलं.

"राऊत हे कसं करतात?" इनेसबाईंनी विचारलं.

"नाकानं," मी म्हणालो. ही एकच गोष्ट मी तिथे खरी सांगितली.

परत आल्यावर मी तो कोट राऊतांना दिला. "तुमच्यासाठी खास शिवून घेतला," असं म्हणालो. लिहितानाही कान तापतात. राऊतांनी नावावरून बोट फिरवलं, सगळ्या मजल्यावर कोट दाखवून आले आणि मग सवयीनं नाकाशी धरला.  म्हणाले, "सर, याला करपल्या तुसाचा वास येतो."

"प्रयोगशाळेचा असेल."

"असंल," ते म्हणाले आणि त्यांनी कोट खुंटीला लावला.

इथे हा विषय संपला असता. पण इनेसबाई जातीच्या संशोधक. जे जळलं ते का जळलं, हे बघायला त्या सहा महिन्यांनी स्वतः निघाल्या आणि मुंबईत उतरल्यावर मला फोन केला. मी राऊतांना गाठलं. "हे बघा, त्यांच्याकडे प्रयोगशाळेत बोललेलं अजिबात चालत नाही. अपमान समजतात. तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही."

"मग ते भांडतात कसे?"

"लिहून."

राऊतांनी मान हलवली. त्या दिवशी पहिले दोन तास ते खरंच एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांच्या कपाळावरच्या शिरा बघत होतो. ड्रम, पोतं, तूस, सगळं त्यांनी हातवारे करून दाखवलं. शेंगदाणा भाजल्याचा वास हातवाऱ्यानं दाखवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. काळाभोर कोळसा उतरला, त्यातून निळं पाणी ओतलं आणि खाली स्वच्छ पाणी पडलं. इनेसबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पिशवीतून सूपची पाकिटं काढली, दहा-बारा असतील, आणि राऊतांच्या हातात देऊन स्वतःच्या जबड्याला हलकेच हात लावला. राऊतांनी पाकिटांकडे पाहिलं, बाईंच्या जबड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर पाहिलं.

नंतर सगळे नाल्यावर गेलो. मॅडमही आल्या होत्या. नेमका त्याच वेळी वरून एक लालभडक लोंढा आला. राऊतांनी आयुष्यात नाल्याला लाल रंग पाहिला नव्हता. माणूस किती दम धरणार?

"आयला! सर! लाल! बगा, लाल जीन्स! कोण घालणार वो ही?"

इनेसबाई किंचाळल्या. "ही कॅन स्पीक!" आणि त्यांनी राऊतांचे दोन्ही हात धरले. मॅडमना काहीच कळेना. बाईंनी त्यांना इंग्रजीत सगळं सांगितलं आणि मॅडमनी ते जसंच्या तसं हिंदीत केलं. "गोपी, मॅडम पूछ रही हैं, तुम्हारे जबडे का ऑपरेशन कैसा हुआ? उसी की वजह से तुम पोर्तुगाल नहीं जा सके ना? चिठ्ठी तो तुम्हारे नाम की थी।"

 मॅडमचा रंग बदलायला लागला होता. मी राऊतांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. रागानं बघत असते तर बरं झालं असतं. एखादं द्रावण ठरल्यापेक्षा वेगळ्या रंगाचं झालं की ते जसे बघायचे, तसे बघत होते.

मग त्यांनी आ वासला. बदलापूरच्या एका दवाखान्यात त्यांनी कधीतरी दाढ काढून घेतली होती. त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून त्यांनी ती दोघींना दाखवली.

"एकदम बढिया हुआ, मॅडम. इतना बडा ऑपरेशन. सर ने बहोत सेवा किया. रोज नारळपानी लेके आते थे वांगणी तक."

इनेसबाईंनी माझ्याकडे इतक्या आदरानं पाहिलं, की मला नाल्यात उतरावंसं वाटलं.

त्यानंतर राऊत या विषयावर माझ्याशी कधी बोलले नाहीत. चहा आधीसारखाच आणायचे, नाल्याच्या बातम्या आधीसारख्याच द्यायचे. मी रोज ठरवायचो, आज बोलू. तोंड उघडायचो आणि विचारायचो, "सल्फ्युरिक संपलं का हो?" माझ्या निवृत्तीपर्यंत विभागात इतकं सल्फ्युरिक ॲसिड जमलं, की ठेवायला वेगळं कपाट करावं लागलं. एवढंच झालं, की इनेसबाई येऊन गेल्या त्या आठवड्यात त्यांनी टाकीत एक नवा मासा सोडला. नाव विचारलं तर म्हणाले, "राऊत."

"स्वतःचंच?"

"बगू की, किती दिवस टिकतो."

मी निवृत्त झालो आणि काही वर्षांनी तेही झाले. पुढे एक दिवस त्यांचा फोन आला. आता त्यांचा स्वतःचा मेल होता आणि इनेसबाई त्यावर लिहीत होत्या. व्हिएतनाममध्ये नदीकाठी कापड रंगवणारं एक गाव आहे, तिथल्या लोकांना तुसाची जाळणी शिकवायला राऊतांना बोलावलं होतं. पदवीची अट नाही. "रविवारी निघतो, सर. येऊन जा."

आता बोलायचंच, असं ठरवून मी वांगणीला गेलो. रिक्षात वाक्य चार वेळा पाठ केलं. अंगणात बघतो तर खुर्च्या मांडलेल्या, अर्धं गाव जमलेलं. राऊत नव्या पँटशर्टात, शर्टाला किमतीची चिठ्ठी तशीच. मी त्यांना बाजूला घेणार, तेवढ्यात त्यांच्या थोरल्या भावानं मला धरून पुढच्या खुर्चीत बसवलं आणि माइक हातात घेतला.

"आज आपल्यात सबनीस सर आलेत. ज्यांनी आमच्या गोपीची विद्या पहिल्यांदा परदेशात पोचवली. गोपी दाढेनं आजारी पडला, तर स्वतः गेले. एवढा मोठा माणूस, पण नाव आमच्या गोपीचं लावलं."

ही माहिती त्यांना कोणी दिली असणार, हे उघड होतं. गेली कित्येक वर्षं तो माणूस त्याच्या घरात माझं असं वर्णन करत होता. टाळ्या झाल्या. माझ्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला. "दोन शब्द बोला, सर." माइक माझ्या तोंडाशी होता. राऊत पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. मी म्हणालो, "राऊतांना प्रवासासाठी शुभेच्छा." पुन्हा टाळ्या झाल्या.

गाडी आली. बायकांनी ओवाळलं. बॅगेत भाकरीचं पीठ जास्त झालं म्हणून काढलं, त्यांच्या म्हाताऱ्या आईनं पुन्हा घातलं. राऊत मागच्या सीटवर बसले, दार लागलं. गाडी सुरू झाली आणि काच खाली आली.

"सर, तुम्हाला काय तरी सांगायचं होतं ना? सकाळपासून तीनदा तोंड उघडलंत नि मिटलंत."

ते वाट बघत होते. ड्रायव्हरसुद्धा थांबला.

"काही नाही," मी म्हणालो. "तिकडे पाणी उकळून प्या."

"मला सांगताय?" राऊत हसले, मोठ्यानं, अगदी मागची दाढ नसलेली दिसेपर्यंत. गाडी गिरणीच्या बाजूनं वळली. मी शाल पांघरून, नारळ धरून, अंगणात उभा होतो.

वाक्य लहानच होतं. राऊत, ते बोलावणं तुमचं होतं. मी ते चोरलं. मला माफ करा.